होकाराची जागा

निवृत्त होईपर्यंत मी दुसऱ्यांचे निबंध तपासत आलो. स्वतःचे काही लिहावे असे वाटत नव्हते असे नाही, पण आपले लिहिणे कोणी तपासील या कल्पनेनेच हात मागे येई. आता या वयात कागद पुढे ओढला, तर सर्वांत आधी जे वर येते ते मला फारसे शोभणारे नाही. मी माझ्या धाकट्या भावाचा हेवा केला. एखाद्या प्रसंगापुरता नव्हे, तर वर्षानुवर्षे, ऋतूमागून ऋतू केला. तो मराठी चौथीतून शाळा सोडलेला शेतकरी आणि मी हायस्कुलातला मास्तर. त्यानेच माझा हेवा करायचा, असा गावाचा सरळ हिशेब होता, आणि तो हिशेब खोडून काढण्याचे धैर्य मला कधी झाले नाही.

आमचे घर मालवणच्या खाडीपासून चालत अर्ध्या तासावर, माडांच्या आणि भाताच्या कुणग्यांच्या मधोमध होते. कुणगा म्हणजे शेताचा लहानसा, बांधाने वेढलेला तुकडा. घरात बाबा, आई, मी आणि तीन वर्षांनी धाकटा भाऊ. वर्ष कसे चालले आहे हे आम्हाला कॅलेंडरवरून कळत नसे. ते बाबांच्या गाऱ्हाण्यांवरून कळे.

बाहेरच्या वाचकासाठी सांगितले पाहिजे की गाऱ्हाणे म्हणजे आमच्याकडे तक्रार नव्हे. घरच्या कर्त्या पुरुषाने हातात नारळ घेऊन देवापुढे उभे राहायचे आणि घरादाराच्या वतीने देवाशी मोठ्याने बोलायचे, त्याला गाऱ्हाणे घालणे म्हणतात. ते कुठे लिहिलेले नसते. बोलणारा एक वाक्य बोलून थांबतो आणि मागे उभी असलेली माणसे एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. तो होकार मिळाल्याशिवाय पुढचे वाक्य निघत नाही. मृगाच्या आधी शेताच्या मेरेवर, म्हणजे हद्दीच्या बांधावर, राखणदार देवापुढे, चवथीला गणपतीपुढे, नव्या भाताची लोंबी घरात येते त्या पुनवेला, देवदिवाळीला आणि शिमग्याला, असे पाच वेळा बाबा गाऱ्हाणे घालत. एरवी चार माणसांत न बोलणारे बाबा त्या वेळी वेगळेच होत.

“बा देवा म्हाराजा,” ते सुरू करत.

“व्हय म्हाराजा.”

“वर्साची चाकरी लेकरांनी आपल्या मतीन केली आसा.”

“व्हय म्हाराजा.”

“तेच्यात काय उणा पडला असात ता पोटात घालून लेकरांका राजी हो.”

“व्हय म्हाराजा.”

धाकटा भाऊ हे ‘व्हय म्हाराजा’ इतक्या जोराने म्हणे की आईला त्याच्या डोक्यावर टपली मारावी लागे. मी त्याच्या शेजारी उभा राहून फक्त ओठ हलवत असे. माझा आवाज सगळ्यांच्या आवाजात वेगळा ऐकू येईल आणि माणसे वळून पाहतील, ही धास्ती मला पाच-सहा वर्षांचा असल्यापासून होती. कोणाच्या ते लक्षात आले नाही. निदान तशी माझी समजूत होती.

“तू थोरलो,” बाबा मला सांगत. “माज्या मागे गाऱ्हाणा तुकाच घालूचा आसा. नीट आयकान ठेव.”

मी नीट ऐकून ठेवत असे. घरातली जमीन, माड, गुरे यांपैकी कशाचाही मोह मला कधी झाला नाही, हे मी प्रामाणिकपणे लिहितो. पण ती जागा, देवापुढे नारळ धरून उभे राहण्याची, ती माझी होती, आणि ती माझी आहे या एका गोष्टीवर माझे त्या घरातले सगळे असणे टेकलेले होते.

अकराव्या वर्षी मला शिकायला कणकवलीला मामांकडे ठेवले. हे पन्नास सालानंतरचे सांगतो आहे. मामांचे घर चांगले होते, मामींनी मला कधी परका मानले नाही. तरीही तिथे गेल्यावर पहिल्यांदा मला कळले की घर आपल्याशिवायही चालते आणि तेच खरे सहन होत नाही. मी सुटीपुरता घरी येई. दिवाळीत येई, चवथीला चार दिवस येई आणि मे महिन्यात राही. मधले सगळे भावाला मिळाले. तरवा, म्हणजे भाताची रोपे, उपटताना हाताला येणारा चिखलाचा वास त्याचा. मिरग तोंडावर आला की आई आमसुले, सुके बांगडे, पापड डब्यांत भरी, त्या धांदलीतली चोरून खाण्याची मजा त्याची. नव्याची पुनव तर नेमकी सहामाही परीक्षेच्या आसपास येई. नव्या तांदळाची खीर मला पाठवता येण्यासारखी नव्हती, म्हणून आई नव्या भाताचे पोहे करून कोणा येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पुरचुंडी पाठवी. मामींच्या घरी पाटावर बसून मी ते पोहे कोरडेच चावत असे. आज भाऊ दारावर लोंबी बांधत असेल, आंब्याच्या पानात गुंडाळून विहिरीलाही एक बांधत असेल, बाबा गाऱ्हाणे घालत असतील, आणि तो बेंबीच्या देठापासून ‘व्हय म्हाराजा’ म्हणत असेल. पोहे गोड होते. मला ते गिळवत नसत.

शाळेत आणखी एक झाले. पहिल्याच आठवड्यात गुरुजींनी प्रश्न विचारला आणि मी उभा राहून “माका म्हायत नाय” म्हणालो. वर्ग हसला. त्यांतली निम्मी पोरे घरी तेच बोलत होती, पण ती हसली. त्या दिवसापासून मी ‘आहे’, ‘नाही’, ‘मला’ असे बोलण्याचा निश्चय केला आणि तो इतक्या काटेकोरपणे पाळला की दिवाळीला घरी गेल्यावरही माझ्या तोंडून निघाले, “आई, मला थोडे पाणी हवे आहे.”

भाऊ चुलीपाशी खोबरे खात बसला होता. तो उठून उभा राहिला आणि आईला म्हणाला, “आये, मामलेदार इलो गो. तेका पाणी दी, नायतर जप्ती आणतलो.”

आई हसली. मग माझ्याकडे पाहून गप्प झाली आणि तांब्या स्वच्छ घासून त्यातून तिने मला पाणी दिले. त्या घरात तोवर मला कोणी घासलेल्या तांब्यातून पाणी दिले नव्हते. पाहुण्यांना देत.

एक मे महिना मी विसरू शकत नाही. मी आठवीत वर्गात पहिला आलो होतो आणि प्रगतिपुस्तक छातीशी धरून उन्हातून चालत घरी आलो होतो. वाटेवर आमच्या कोंडीपाशी, म्हणजे उन्हाळ्यातही पाणी राहते त्या डबक्यापाशी, चार-पाच बायका आणि भाऊ उभे होते. आमची म्हैस चिखलात बसली होती आणि काही केल्या उठत नव्हती. भाऊ वहाणा काढून काठावर उभा राहिला आणि हातात नारळ म्हणून एक करवंटी धरून बाबांच्याच आवाजात सुरू झाला.

“बा म्हशी म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” बायका पदर तोंडाला लावून म्हणाल्या.

“सकाळधरना तू ह्या चिखलात बसलेली आसंस.”

“व्हय म्हाराजा.”

“तुजी पाठ उन्हान तापली नि माजा पोट भुकेन तापला.”

“व्हय म्हाराजा.”

“तर आता उठान गोठ्यात चल, तुका पेंड गावांदे, नि माका आयेचो मार चुकूदे.”

“व्हय म्हाराजा.”

म्हैस उठली. ती का उठली हे देव जाणे, पण ती उठली. मी मागे वळून पाहिले तर बाबा माडाखाली उभे होते. देवाच्या बोलण्याची अशी थट्टा केली म्हणून ते आता त्याला फोडून काढतील, या अपेक्षेने माझ्या मनात एक प्रकारची गार समाधानाची लाट आली. ते लपवण्यात अर्थ नाही. बाबा हसत होते. हसता हसता त्यांना खाली बसावे लागले. पंच्याने डोळे पुसत ते म्हणाले, “मेल्यान सगळा उचलल्यान. थांबणासुद्धा उचलल्यान.”

मग मी पुढे होऊन प्रगतिपुस्तक दिले. बाबांनी ते उलटसुलट पाहिले, “बरा” म्हणाले, आणि घरी आल्यावर पाऊस लागू नये अशा बेताने वर वाशांत खोचून ठेवले. त्यांना अभिमान वाटला नसेल असे नाही. पण त्या प्रगतिपुस्तकाने ते खाली बसले नाहीत. मी पुढची तीन वर्षेही पहिला आलो. दर मे महिन्यात वाशांतली चळत वाढली आणि दर मे महिन्यात ती पाहून मला माझाच राग आला.

शिक्षण संपल्यावर मला आजऱ्याच्या बाजूला, घाटावरच्या एका गावी हायस्कुलात नोकरी मिळाली. घरापासून एस.टी.ने आंबोली घाट चढून जायचे, म्हणजे दिवस त्यातच जाई. मी नियमाने आईला पत्र लिहीत असे. कळवण्यास आनंद वाटतो की, येथील हवा मानवली आहे. आपल्या प्रकृतीची काळजी घ्यावी. अशी माझी पत्रे असत. आईला वाचता येत नव्हते, ती भाऊ वाचून दाखवी, याचाही मला हेवा वाटे, कारण माझे शब्द आईच्या कानात त्याच्या आवाजात जात होते.

साठ सालानंतर दोन-तीन वर्षांनी, श्रावणात, भावाचे पत्र आले. त्याचे अक्षर मोठे आणि ओळी उतरत्या. लिहिले होते, “दादा, बाबांचा उजवा अंग गेला. जीव बरो आसा, पण जीभ जड झाली. काय बोलतत ता आयेक सोडून कोणाक कळणा नाय. चवथीक गाऱ्हाणा तुकाच घालूचा आसा. येतलंस मा?”

मी ते पत्र दोनदा वाचले. पहिल्या वाचनात बाबांचे दुःख झाले. दुसऱ्या वाचनात माझी नजर ‘तुकाच’ या शब्दावर थांबली आणि तिथून हलेना. वडिलांना अर्धांगवायू झाला आहे आणि मुलाच्या मनात आनंद उगवतो, ही गोष्ट मी आजवर कोणाजवळ बोललेलो नाही. आता तरी भावाला मागे उभे राहून माझ्या हातातला नारळ पाहावा लागेल, असे मला वाटले.

मी तयारी केली. मास्तर तयारी कशी करतो तशी केली. बाबांचे गाऱ्हाणे आठवून वहीत उतरवून काढले. मग त्यातली पुनरुक्ती काढली, अशुद्ध रूपे शुद्ध केली, विस्कळीत वाक्ये एकत्र गुंफली आणि प्रत्येक विनंतीला कारण जोडले. शेवटी जे तयार झाले ते वाचून मला भरून आले. शाळा सुटल्यावर मैदानाच्या कडेने फेऱ्या घालत ते मी पाठ केले. त्या आठवड्यात दोन विद्यार्थ्यांनी मला स्वतःशी बोलताना पाहिले आणि वाट बदलली.

चवथीच्या आदल्या दिवशी घाट उतरून घरी पोचलो. बाबा पडवीत बाजेवर टेकून बसले होते. त्यांनी डाव्या हाताने माझा हात धरला आणि काहीतरी बोलले. मी आईकडे पाहिले. “तुजे पाय भिजले, पूस म्हणतत,” आई म्हणाली. भाऊ माजघरात माटवी बांधत होता. गणपतीच्या डोक्यावर लाकडाची चौकट टांगून तिला रानातल्या वेली, फळे, फुले बांधतात, ती माटवी. कवंडळे, तेरडा, सुपारीचा घोस एवढे मला ओळखता आले. बाकीच्या वेलींची नावे मला येत नव्हती आणि विचारायची लाज वाटली. तो एकेक वेल उचलून, न पाहता, नेमक्या जागी बांधत होता.

“पाठ केलंस?” त्याने वरूनच विचारले.

“केले आहे.”

“मगे झाला तर,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात कुचेष्टा असती तर मला बरे वाटले असते.

दुसऱ्या दिवशी दुपारी, नैवेद्य दाखवण्याआधी, भाऊबंद आणि शेजारी जमले. तीसेक माणसे असतील. बाबांना बाजेसकट दारापाशी आणले होते. मी सोवळे नेसून, ओंजळीत नारळ धरून पाटासमोर उभा राहिलो. माझ्या मागे सगळे, आणि सगळ्यांत पुढे भाऊ. मी सुरुवात केली.

“हे गणराया, आज या मंगल दिनी आम्ही सर्व कुटुंबीय आपल्या चरणी एकत्र जमलो असून…”

मागे शांतता. मी पुढे गेलो.

“…वर्षभर आमच्या हातून जी काही यथामती सेवा घडली, तिचा आपण स्वीकार करावा, आणि तीत जे न्यून राहिले असेल…”

“व्हय म्हाराजा,” एकजण चाचरत म्हणाला. दुसऱ्याने त्याला गप्प केले. माणसे एकमेकांकडे पाहू लागली असावीत; मला पाठीवर ते कळत होते. माझ्या वाक्यांना शेवट होते, पण ते फार लांब होते, आणि तिथवर पोचेपर्यंत माझाच दम संपे. पुढचे वाक्य मी सर्वांत जास्त घोटले होते.

“या घरावर आजाराचे आणि विपत्तीचे सावट निरंतर राहावे…” मी म्हणालो, आणि श्वास घेण्यासाठी थांबलो.

“व्हय म्हाराजा,” तीस माणसे एका आवाजात म्हणाली. शेवटी एकदाची जागा सापडली म्हणून त्यांनी ते सुटल्यासारखे, मनापासून म्हटले.

पुढे ‘अशी कोणाची दुष्ट वासना असल्यास तिचे निवारण करावे’ असे होते. ते माझ्या तोंडून निघालेच नाही. कुठल्या तरी पोराला हसू फुटले आणि ते बाहेर पळाले. भाऊबंदांतले एक काका “अरे, अरे, ह्या काय म्हटला आपण” असे पुटपुटले. बाजेवरून बाबांचा आवाज आला, शब्द नसलेला. मी वळून पाहिले नाही. नारळ हातात जड झाला आणि पाठ केलेले सगळे, वहीच्या पानासकट, डोळ्यांपुढून गेले. किती वेळ गेला ते मला माहीत नाही.

मग माझ्या उजव्या खांद्यामागून, नारळाला हात न लावता, भाऊ बोलू लागला.

“बा गणराया म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“माजो थोरलो भाव घाट उतरान तुज्या पायाकडे इलो आसा.”

“व्हय म्हाराजा.”

“लांबचो पल्लो मारून तेची जीभ दमली, तेच्या तोंडातना काय वाकडा इला असात ता माज्या पदरात घालून तेका मोकळो कर.”

“व्हय म्हाराजा.”

“बापसाची वाचा लेकराच्या संगतीक रवांदे, नि ह्या घराचो दिवो असोच पेटतो रवांदे.”

“व्हय म्हाराजा.”

घर त्या आवाजाने भरले. नारळ माझ्याच हातात होता. वाढवला तोही मीच. सर्वांसमक्ष त्याने माझी लाज राखली होती, आणि त्या क्षणी मला तो जितका नकोसा झाला तितका आयुष्यात कधी झाला नव्हता. त्याने नारळ ओढून घेतला असता तर मला त्याच्यावर रागावता तरी आले असते.

जेवताना काकांनी विषय सोडला नाही. “काय मास्तर, तुमचा गाऱ्हाणा बरा होता, पण पूर्णविराम घाटावर रवलो वाटता.”

“काका, वडो घेवा,” भाऊ म्हणाला आणि त्यांच्या पानात दोन वडे टाकले. “तोंड भरलेला बरा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पावसाने उघडीप दिली होती आणि भाऊ बांध पाहायला निघाला होता. मी त्याच्यामागे गेलो. भात पोटरीवर होते. बराच वेळ तो बांधाला पडलेली भोके पायाने बुजवत राहिला. अखेर मी विचारले, “तुला बाबांनी शिकवले कधी?”

“माका? माका कित्याक शिकवतले? थोरलो तू.”

“मग तुला येते कसे?”

तो थांबला. त्याला प्रश्नच नवा होता असे दिसले. “बाबा बोलत, मी व्हय म्हणत होतंय. व्हय म्हणता म्हणता कळता, खंय थांबूचा ता. वायट बोलताना दम सोडूचो नाय, दादा. वायट घाईत बोलान टाकूचा, नि बऱ्यावर येवन थांबूचा. माणसा तेका व्हय म्हणतत.” मग खाली पाहून म्हणाला, “तू कधी व्हय म्हणलंस नाय. ओठ हलवत होतंस.”

“तुला ठाऊक होते?”

“बाजूक तर उभो होतंय. म्हणान तर मी दोघांचा म्हणत होतंय. आये मारी माका, मोठ्यान बोलतंय म्हणान.”

मी भात हलत होते तिकडे पाहत राहिलो. तोच पुढे म्हणाला, “तुजा लिवणा मात्र माका गावाक नाय. तुजी पत्रा मी आयेक वाचून दाखवतंय. एका पत्राक तीन येळा वाचूक लावता. माका कधी इतक्या येळा काय विचारूक नाय तिना.” तो हसला, पण पुरता हसला नाही. “नि तुज्या पत्रात पण व्हय म्हणूक जागा नसता. मगे मी घालतंय आपली. ‘आये, दादा इचारता, तुजो गुडघो बरो मा?’ असा. ती व्हय म्हणता.”

मी आईच्या गुडघ्याविषयी कधीच विचारले नव्हते. तो दुखतो हेही मला माहीत नव्हते.

घाट चढून परत गेलो ते शांत होऊन गेलो असे लिहिण्याचा मोह होतो, पण तसे झाले नाही. आंबोलीच्या धुक्यात बस उभी होती तेव्हा मी मनात भावाशी भांडतच होतो. गाऱ्हाण्याची जागा रीतीने माझी होती आणि माझ्यानंतर ती माझ्या मुलाची झाली असती. ती मी सोडली नाही तर कोणी मागणार नव्हते. भाऊ तर मुळीच नाही. दरवर्षी मी यायचे, नारळ धरायचा, आणि तो खांद्यामागून बोलणार. हे असे जन्मभर चालले असते. मला तेही चालले असते, अशीही एक रात्र होऊन गेली.

नव्याच्या पुनवेला मी रजा काढली. मुख्याध्यापकांनी कारण विचारले. “घरी नवे भात येणार आहे,” एवढेच मी सांगू शकलो. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले, पण सही केली. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा मी त्या दिवशी घरात होतो. सकाळी भाऊ कुणग्यातून लोंब्या घेऊन आला. आईने उंबऱ्यावर त्याच्या पायांवर पाणी घातले, लोंब्यांना हळदकुंकू लावले. आंब्याच्या पानात लोंबी गुंडाळून दोऱ्याने बांधायची कशी, ते त्याने मला दाखवले. माझी पहिली सुटून पडली. दारावर, तुळशीला, विहिरीच्या रहाटाला बांधून झाल्या. चुलीवर खिरीला कढ येत होता. हा वास मी पुरचुंडीत कधी हुंगला नव्हता.

देवापुढे घरचीच माणसे आणि दोन शेजारी होते. बाबांनी डाव्या हाताने नारळ उचलला. रीतीप्रमाणे त्यांनी तो माझ्यापुढे केला. मी घेतला. त्याची शेंडी माझ्या बोटांत होती तेव्हा मला स्पष्ट आठवते, मनात आले, ठेवून घे. मग मी वळलो आणि तो भावाच्या ओंजळीत ठेवला.

“अरे, पण तू…” तो म्हणाला.

“तू घाल,” मी म्हणालो. मग माझ्या तोंडून निघाले, “माका येणा नाय.”

बाबा काहीतरी बोलले. सगळ्यांनी आईकडे पाहिले. आईने पदर सारखा केला आणि म्हणाली, “खीर उतू जातली, आटपा म्हणतत.” ते खरोखर तेच म्हणाले की नाही हे मला आजही ठाऊक नाही.

मी मागे, आईच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. भावाने सुरू केले. मेघाचे, मातीचे, बैलांचे झाले. बाबांच्या अंगातली पीडा त्याने एका दमात, घाईघाईने सांगून टाकली आणि त्यांच्या पायात बळ येण्यावर येऊन तो थांबला. “व्हय म्हाराजा,” सगळे म्हणाले. माझे ओठ हलले.

“जो भाव घाटावर रवता,” भाऊ म्हणाला, “तेका थंय अन्न गोड लागांदे, नि वर्साच्या दर नव्याक तेचो पाय ह्या उंबऱ्याक लागांदे.”

“व्हय म्हाराजा,” सगळे म्हणाले. त्या आवाजात मी नव्हतो. माणसांचा आवाज विरला, चुलीतले लाकूड तडतडले. पुढचे वाक्य यायला हवे होते. ते आले नाही. भाऊ देवाकडे तोंड करून, नारळ धरून उभा होता. आईने माझ्याकडे पाहिले.

“व्हय म्हाराजा,” मी एकटाच म्हणालो. आवाज फाटका निघाला आणि सगळ्यांनी वळून पाहिले.

मग भावाने पुढचे वाक्य उचलले.